बाटल्यांतले गावकरी

सरांना वास येत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की त्यांना कळलं कसं नाही. तीस वर्षांच्या तपकिरीनं नाक कामातून गेलं होतं. उजव्या खिशात पत्र्याची डबी, डाव्या खिशात डागाळलेला रुमाल आणि तासातासाला दोन चिमट्या. एकदा आमच्या दुकानात रॉकेलचा डबा उलटला. बाकीची गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून बाहेर पळाली आणि सर तिथंच उभं राहून गुळाची ढेप निरखत होते. "समदी का पळाली राव?" म्हणून मलाच विचारलं.

जुन्नरच्या पेठेत आमचं किराणा दुकान. वर दोन खोल्या, त्यातली रस्त्याकडची सरांना भाड्यानं दिलेली. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि पुढं मी तोच विषय घेतल्यावर मलाही त्यांनीच शिकवलं. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही जैन. पणजोबांच्याही आधीचं कुणीतरी मारवाडातून इथं आलं, एवढंच आम्हाला ठाऊक. घरात मराठी, भांडणं तर अस्सल मराठीत. तरी बाजारात कुणाशी वाजलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "तुमी मारवाडी, तुमाला काय कळणार हितलं." माझं तोंड फटकळ, मी उलट बोलायची. वडील म्हणायचे, सोड. मी सोडत नसे.

सर पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा आईनं त्यांना उंबऱ्यातच गाठलं होतं. आईला आम्ही बाई म्हणायचो.

"मास्तर, तुम्ही मासे शिकवता म्हणे," बाई म्हणाली. "खाता का?"

"न्हाई बाई. ज्याचं कूळ शोधायचं त्याला खायचं न्हाई."

दुसरं वाक्य बाईला कळलं नाही, पण पहिलं पुरलं. खोली मिळाली.

सर शिनोलीचे. घोडेगावाहून भीमाशंकरला जाताना लागतं ते. घर शेतकऱ्याचं, चार भाऊ, हे तिसरे. वर्गातसुद्धा शिनोलीचीच भाषा बोलत आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती. घोड नदीत पोहायला शिकलेला हा माणूस बाविसाव्या वर्षी कुठली तरी जाहिरात बघून माशांच्या संशोधनाच्या नोकरीवर पार लक्षद्वीपला गेला. सात-आठ वर्षं तिथं काढली. वडील गेल्यावर परत आले आणि मास्तर झाले. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायचे, "राहून गेलं." त्यात ना दुःख, ना विनोद. एसटी चुकल्याचं सांगावं तसं सांगायचे.

पण नोकरी सुटली तरी बेटं सुटली नव्हती. दर मे महिन्यात एसटीनं पुणे, रेल्वेनं कोचीन आणि तिथून जहाजानं बेटांवर. जूनमध्ये परत यायचे तेव्हा नाकाची सालटं निघालेली असायची आणि पिशवीत किणकिणणाऱ्या बाटल्या. या बाटल्या इंजेक्शनच्या, तालुक्यातल्या डॉक्टरांकडून रिकाम्या मागून आणलेल्या, उकळून घेतलेल्या, रबरी बुचाच्या. प्रत्येकीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये माशाच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली कागदाची चिठी. मासा जाळीत धरायचा, कात्रीनं तुकडा काढायचा, मासा सोडून द्यायचा. पर पुन्हा येतो. बाटल्या ठेवायला आमच्याच दुकानातली चहाची रिकामी लाकडी खोकी त्यांनी नेली होती. मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा चारशेच्या आसपास बाटल्या झाल्या होत्या.

त्या बाटल्यांत दोनच जातींचे मासे होते. तिथल्या खडकांवर समुद्रफूल असतं. ते फूल नव्हे, तो एक प्राणीच. खडकाला चिकटून बसतो आणि बोटांसारखे तंतू हलवतो. त्या तंतूंत हे दोन्ही मासे राहतात, एकाच फुलात. एक केशरी, काळ्या पोटाचा, डोळ्यामागं पांढरा पट्टा. तो आपल्या बाजूच्या त्या बेटांच्या माळेपुरताच, पलीकडं फारसा कुठं नाही. दुसरा काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके. तो आफ्रिकेपासून पार पलीकडच्या महासागरापर्यंत सगळीकडं. सरांनी पहिल्याचं नाव ठेवलं होतं गावकरी आणि दुसऱ्याचं पावणं.

"आता सांगा," ते वर्गात विचारायचे, "ह्या फुलात जुनं कूळ कुणाचं?"

पोरं म्हणायची, गावकऱ्याचं, त्यात काय विचारायचं.

"कशावरनं? तोंडावरनं? कोण कवा आलं हे तोंड बघून कळत न्हाई." मग ते फळ्यावर घरं काढायचे. "गावात शंभर घरं हायती आन् समद्यांचं आडनाव एक. तर समजायचं, कवातरी एकच घर व्हतं, त्याचीच ही वीण. शंभर घरं आन् चाळीस आडनावं, तर गाव जुनं, लई वाटांनी भरलेलं. माशाच्या अंगातबी आडनावं असत्यात. ती वाचायची. गावकऱ्यांत किती, पावण्यांत किती. कोण मूठभर उरून परत वाढलं, कोण कायम भरलेलंच व्हतं. समदं त्या तुकड्यात लिवलेलं हाय."

ते वाचायचं यंत्र तेव्हा नुकतं आपल्याकडं येत होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेला सर वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते की माझे नमुने वाचून द्या. उत्तर यायचं नाही. ते पुन्हा लिहायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून नंतरची पत्रं मीच लिहिली. आणि खरं सांगते, त्या उत्तराची मलाही हाव होती. पावणं म्हटला जाणारा मासाच त्या फुलात जुना निघाला तर बाजारात कुणाकुणाच्या तोंडावर ते सांगायचं, याची यादीसुद्धा मी मनात करून ठेवली होती. सरांना एकदा बोलले, तर म्हणाले, "मासा काय तुझा वकील न्हाई. जे निघंल ते निघंल."

सरांची दुसरी खोड म्हणजे कुणालाही विचारणं, "कवापासनं हितलं तुमी?" न्हाव्याला विचारायचे, कंडक्टरला विचारायचे, लग्नात पंक्तीत शेजारी बसलेल्याला विचारायचे. एकदा आम्हा पोरांना घेऊन बोरी बुद्रुकला गेले. कुकडीच्या काठाची दरड उभी कापलेली आहे, तिच्यात पांढुरकी मातीची पट्टी दिसते. शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. सरांचा प्रश्न आलाच.

"आमी हितलं मूळचं," तो म्हणाला. "आमच्या आधी कोण न्हाई."

सरांनी पट्टीतली चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. "ही राख हाय. समुद्रापल्याड ज्वालामुखी फुटला, तिथनं उडून आली. ज्येंनी अभ्यास केला ते म्हणत्यात, हितं दगडाची हत्यारं करनारी मानसं तवाबी व्हती."

त्या माणसानं ती बोटानं चोळून बघितली. "मंग आमच्या आधीबी कोणतरी व्हतं म्हना."

"व्हतं. आन् तीबी कुठनंतरी आली असतील."

त्यानं राख झटकली नाही, हळूच परत दरडीशी ठेवली आणि आम्हाला सगळ्यांना चहाला घरी नेलं. परतताना एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि कितीतरी दिवसांनी मला कुणावर राग नव्हता.

मढकडं धरणाच्या पाण्यात तोंड घालून तासन् तास तरंगणं हाही सरांचा एक उद्योग. काळा रबरी मुखवटा, तोंडात नळी, अंगावर पट्ट्यापट्ट्याची चड्डी. काठावर गर्दी जमायची, कारण इतका वेळ पाण्यात कोण काढतो तर बुडालेलं माणूस शोधणारा. एकदा एका म्हातारीनं रडायलाच सुरुवात केली. सर बाहेर आले, मुखवटा काढला आणि म्हणाले, "आजी, कोण बुडलं न्हाई. मासं बघतोय." म्हातारी म्हणाली, "मंग सांगून तरी बुडायचं, बाबा." सर तिच्या पाया पडले. पुढं मढला गेले की आधी तिच्या दारात जाऊन सांगून येत.

आता ते पर्युषण.

भाद्रपदातले आठ दिवस आमच्याकडं सगळ्यात मोठे. त्या वर्षी चातुर्मासाला साध्वीजी, बाईच्या भाषेत महासतीजी, जुन्नरला होत्या आणि गोचरीला, म्हणजे आहार घ्यायला, आमच्या घरी येणार होत्या. बाईला धन्य वाटत होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात शिनोलीला सरांची आई वारली. ते तेरा दिवस तिकडं. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "बाटल्यांत पातळ उतरलं तर वर भर, पोरी. खोक्याशेजारी कॅन हाय." डोळे लाल झाले होते, पण आधी बाटल्यांचं सांगितलं आणि मग आई गेल्याचं.

दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी बाईच्या कानात सांगितलं की वर मास्तर दारू ठेवतो, जिन्यात वास येतो. स्पिरिट ते, वास येणारच. सरांकडं त्याचा सरकारी परवाना होता, पण परवान्यानं बाईचं समाधान होणार नव्हतं. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"परवा महासतीजी येणार. घरात दारू नको. संध्याकाळपर्यंत काढ, नाहीतर मी माणूस बोलावून खोकी गल्लीत ठेवीन."

"बाई, सरांचं आयुष्य आहे त्यात."

"मग त्यांचं आयुष्य राख. दारू काढ."

मी शहाणी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रोज बघत होते, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नाग तीस वर्षं जसाच्या तसा, शार्कचं पिलू जसंच्या तसं. फॉर्मॅलिनला दवाखान्याचा वास, दारूचा नाही. बाटल्याही राहतील, बाईचा धर्मही राहील. मी प्रयोगशाळेतल्या शिपायाकडून कॅन मागून आणला. "सरांच्या बाटल्यांना पायजे," म्हटल्यावर तो म्हणाला, "जपून, डोळ्याला लागतं." दुपारभर गच्चीवर बसून एकेक बूच काढलं, स्पिरिट मोरीत ओतलं आणि फॉर्मॅलिन भरलं. खोक्याशेजारच्या कॅनमधलं स्पिरिटही ओतून दिलं. एक चिठी इकडची तिकडं होऊ दिली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला फार अभिमान वाटत होता. संध्याकाळी बाईनं जिन्यात वास घेतला आणि म्हणाली, "औषधाचा आहे. चालेल."

सर तेराव्यानंतर परत आले, टक्कल केलेले, वाळलेले. बाटल्या उजेडात धरून बघितल्या. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. "चांगलं केलंस," म्हणाले. बदललं हे मी बोलले नाही. बाईनं त्यांच्या कामाला दारू म्हटलं, हे आई गेलेल्या माणसाला सांगवेना. आणि वास त्यांना येत नव्हता.

जानेवारीत दक्षिणेतून पत्र आलं. प्रयोगशाळा तयार होती. मेमधले नवे नमुने घेऊन सगळे एकदम पाठवा, असं त्यात होतं. सरांनी त्या दिवशी दुकानात येऊन पेढे मागितले. आमच्याकडं पेढे नव्हते, तर बत्तासे नेले आणि स्टाफरूममध्ये वाटले.

फेब्रुवारीत त्यांनी आमचा एक तास घेतला. नमुने कसे राखायचे, हा विषय. खुशीत होते, पत्र खिशातच होतं. फळ्यावर दोन शब्द लिहिले, फॉर्मॅलिन आणि स्पिरिट. "हे ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "फॉर्मॅलिन शरीर राखतं, कूळ न्हाई. आतलं लिवलेलं समदं एकमेकाला चिकटून जातं, मंग कुणाच्या बापाला वाचता येत न्हाई. कूळ वाचायचं तर स्पिरिटच पायजे."

मी दुसऱ्या बाकावर होते. वहीत लिहून घेतलं. 

तास संपल्यावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. घरी गेले, जेवले नाही, बाईला सांगितलं डोकं दुखतंय. मग माझी मीच समजूत घातली की मे काय, आलाच आहे. सर जाणारच आहेत, नवे नमुने आणणारच आहेत. समुद्र कुठं पळून जातो का. मे झाल्यावर सांगू, तेव्हा नुकसान थोडं असेल, राग थोडा असेल. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रोज जिन्यात भेटत होते. रोज मी "नमस्कार सर" म्हणत होते.

त्या उन्हाळ्यात समुद्र तापला. ते कुणाच्या हातात नव्हतं, आणि आम्हाला इथं कळायचं काही कारणही नव्हतं. एप्रिल-मेमध्ये पाणी असं तापलं की प्रवाळांचा रंगच उडाला. सर मे संपायच्या आत परत आले. नाकाची सालटं नव्हती निघाली. म्हणजे ते पाण्यात फारसे उतरलेच नव्हते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "पांढरं पडलंय समदं. हाडं पडल्यागत. फुलंबी पांढरी, आन् बरीचशी तर न्हाईतच. गावकरी चार दिसले. पावणं दोन. काय कापायचं त्येंचं? तसाच आलो."

मी त्यांची पिशवी उचलून घेतली. ती किणकिणली नाही.

"पन आपल्याकडं बाटल्या हायत," ते म्हणाले. "जे गेलं त्येचं कूळ बाटल्यांत हाय, पोरी. आता तेवढंच ऱ्हायलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी दगडासारखी उभी होते.

जूनमध्ये प्रयोगशाळेचा फॉर्म भरायला बसलो. सर खुर्चीत, मी खाली, चहाच्या खोक्यावर कागद ठेवून. नाव, कॉलेज, माशांच्या जाती, कुठल्या बेटावरचे. मग रकाना आला, नमुने कशात राखले.

"स्पिरिट," सर म्हणाले.

पेन टेकवलेलं होतं. स्पिरिट लिहिलं असतं तर निदान त्या दिवशी काही झालं नसतं. तिकडच्यांना काही सापडलं नसतं, त्यांनी पुन्हापुन्हा शोधलं असतं, सर वाट बघत राहिले असते.

"सर, फॉर्मॅलिन आहे."

"कशात?"

"सगळ्यात."

"कवा?"

"पर्युषणात. तुम्ही शिनोलीला होता. बाई म्हणाली घरातनं दारू काढ, तर मी बदललं."

ते उठले. एक बाटली काढली, बूच काढलं, नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग माझ्यापुढं केली. "तूच सांग." मी वास घेतला आणि मान हलवली. त्यांनी बूच लावलं, बाटली होती त्याच जागी ठेवली, चिठी सरळ केली.

"तुला ठावं नव्हतं व्हय?"

"नव्हतं," मी म्हणाले.

ते उत्तर पर्युषणापुरतं खरं होतं. फेब्रुवारीतल्या त्या तासाला मी दुसऱ्या बाकावर बसून लिहून घेत होते, हे त्यांच्या ध्यानात होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"लिव," ते म्हणाले. "फॉर्मॅलिन. खोटं लिवायचं न्हाई."

तरी बघू म्हणून खोकी गेली. ऑगस्टमध्ये ती परत आली आणि सोबत दोन ओळींचं पत्र. काही वाचता आलं नाही, क्षमस्व. सरांनी ते दुकानाच्या फळीशी उभं राहून वाचलं, चार घड्या घातल्या आणि पाव किलो शेंगदाणे घेऊन वर गेले.

मग मी बाईला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फेब्रुवारी सोडून. बाई ऐकून घेत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मला वाटलं दारू."

पुढच्याच महिन्यात पुन्हा पर्युषण आलं. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी आम्ही भेटेल त्याच्यापुढं हात जोडतो आणि वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर माफी मागतो. रीतच आहे. बाईचा निर्जळी उपास होता. दुपारी ती उठली आणि जिना चढून सरांच्या दारात गेली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत कधी गेली नव्हती. मी तिच्या मागं.

"मास्तर, माझ्या हातून तुमचं वाटोळं झालं. पोटात घाला."

सर गडबडून उभे राहिले. "बाई, तुमी धर्मासाठी केलं. जाऊ द्या."

"कशासाठी केलं ते राहू द्या. काय बुडालं ते सांगा. ते कळल्याशिवाय मी कशाची माफी मागू?"

सरांनी तिला सतरंजी टाकून दिली. कपाटातून वह्या काढल्या. प्रत्येक माशाची नोंद त्यांनी ठेवली होती, आणि ते वाचू लागले. अमक्या बेटाचा उगवतीकडचा खडक, पाणी छातीएवढं, फूल थाळीएवढं. त्यात गावकरी दोन, नर-मादी. पावणं पाच, पोरंच. मादीचा डावा पर आधीच फाटलेला. पुढल्या वर्षी तेच फूल, तीच मादी, नर दुसरा. असं पानामागून पान. बाई भिंतीला न टेकता ताठ बसली होती. प्रत्येक फुलापाशी "हां" म्हणत होती, जशी ती जैन स्थानकात साध्वींचं व्याख्यान ऐकताना म्हणायची. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. सरांचा घसा बसला तरी ते थांबले नाहीत आणि बाईही उठली नाही. ते मासे कुणाचे कोण होते हे त्या तुकड्यांतून वाचायचं राहून गेलं होतं. जे वाचता येत होतं ते त्यांनी त्या दुपारी माझ्या उपाशी आईला वाचून दाखवलं.

"हे सगळे आता?" बाईनं विचारलं.

"बहुतेक न्हाईत, बाई."

बाईनं हात जोडले. सरांकडं बघून नव्हे, खोक्यांकडं बघून. डोळे मिटून ओठ हलवत राहिली. सर तोंड फिरवून रुमाल शोधत होते.

त्या दिवशी मी अख्ख्या पेठेपुढं हात जोडले होते. सरांच्या दारात उभी होते, हात जोडलेले होते, आणि तोंड उघडलं नाही.

ते माझ्याशी कधी वेगळं वागले नाहीत. एम.एस्सी.च्या प्रवेशाला पुण्याला सोबत आले, माझ्या लग्नात पंक्तीत वाढायला उभे राहिले, आणि माझ्या सासऱ्यांना "कवापासनं हितलं?" विचारून घेतलंच. पण बेटांवर पुन्हा गेले नाहीत. मे महिना खोलीवर काढायचे. निवृत्त झाल्यावर खोली सोडली आणि शिनोलीला पुतण्याकडं राहायला गेले. खोकी बरोबर नेली.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी निरोप आला की सरांची किडनी गेलीय, भेटायचं तर या. मंचरला माझं सासर, तिथून मी एकटीच गेले. दुपारची वेळ. पडवीत खाटेवर होते, हाताला सूज, चेहरा बारीक झालेला. पुतण्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती रानात गेली. आम्ही दोघंच. ते दुकानाचं विचारत होते, बाईचं विचारत होते. बाई तोवर गेली होती. ते त्यांना ठाऊक होतं आणि विसरले होते. मी पुन्हा सांगितलं.

"लई मोठी बाई," ते म्हणाले. "माफी मागाया आली आन् हिशेब समजून घेऊन मग मागितली. असं कोण करतं?"

मग मी बोलले. आठ-नऊ वर्षं घशात होतं ते बोलले. "सर, मला फेब्रुवारीतच कळलं होतं. तुमच्या तासाला. मी तेव्हा सांगितलं नाही. मे येईल म्हणून थांबले. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही लगेच गेला असतात. समुद्र तापायच्या आत."

 मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे पोरी. किंवा म्हणतील, मला ठावं व्हतं. दोन्हीतलं काहीही मी घेतलं असतं. शिवी घेतली असती.

खाटेच्या दोरीवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं.

"मार्चात तिथं पाणी लई निवळ असतं," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.